अडलेल्या माद्या

१

सकाळी हौदावर गेलेल्या कंपाउंडरने अशी बोंब ठोकली की मावशींच्या हातातला चहा बशीत सांडला.

मावशी तशा घाबरणाऱ्यातल्या नव्हेत. कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. बेडकापासून बैलापर्यंत कुणाच्या आत काय असतं ते त्यांनी स्वतः उघडून पाहिलं होतं. धाकटी बहीण गेल्यावरही तिच्या घरी, म्हणजे भावोजींच्या या मत्स्यबीज केंद्रावर, त्या हवापालटाला येत असत. पण आजची ही किंकाळी काही हवापालटाची नव्हती. चपला न घालताच त्या धावल्या.

हौदात काल टोचलेल्या कार्प माद्या होत्या. एव्हाना पाणी अंड्यांनी भरून जायला हवं होतं. पाणी मात्र लख्ख होतं, तळ दिसत होता. दोन माद्या उताण्या तरंगत होत्या आणि बाकीच्या टम्म पोटं घेऊन कडेला निपचित पडल्या होत्या.

"अडल्या, मावशी! सगळ्याच्या सगळ्या अडल्या!" कंपाउंडर डोकं धरून खाली बसला. हा काही खरा कंपाउंडर नव्हे. माशांना इंजेक्शन टोचतो म्हणून त्याला हे नाव पडलं, आणि आता बायकोसुद्धा त्याच नावाने हाक मारते म्हणे.

मागून भावोजी आले. या केंद्राचे मालक, स्वभावाने तापट, आणि हंगामात तर ज्वालामुखीच. त्यांनी हौदात डोकावलं आणि त्यांचा चेहरा पडला. पण क्षणभरच. राग त्यांच्याकडे नेहमी दुःखाच्या आधी पोचायचा.

"ती डोकीवाली!" ते गरजले. "नकली माल गळ्यात मारला बाईने. मागच्या खेपेला जुने दाणे वापरले तर माद्यांनी कसं झकास काम केलं! हिचे नवे दाणे टोचले आणि ही दशा. आता काय हवाय पुरावा?"

दाणा म्हणजे पिट्युटरी, माशाच्या मेंदूखाली लोंबणारी मोहरीएवढी ग्रंथी. मासळीबाजारात एक बाई कापलेल्या माशांची डोकी फोडून ती अलगद काढायची, अल्कोहोलच्या बाटलीत टाकायची आणि केंद्राला विकायची; तीच ही डोकीवाली. तोच दाणा वाटून, त्याचा अर्क टोचला की माद्या अंडी सोडत. सगळ्या धंद्याचा जीव त्या मोहरीत होता.

"भावोजी, जरा दमानं घ्या," मावशी म्हणाल्या.

"दमानं? काल रात्रीच एक मेली तेव्हा मी ओळखलं. पहाटे बाजार भरताच जाऊन सगळ्यांसमोर सांगून आलो की ही बाई चोर आहे. बाजाराचा मुकादम संध्याकाळी येतोय. मी तक्रारीच्या कागदावर सही केली की उद्यापासून तिची बाजारातली जागा गेली."

"आणि तिने केलं नसलं तर?"

"मग ज्याने केलंय त्याला मुकादमासमोर धक्के मारून बाहेर काढीन. मग तो कुणी का असेना!"

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. सगळ्यांनी वळून पाहिलं. डोकीवाली आत येत होती आणि तिच्या हातात डोकी फोडायचा कोयता होता.

२

भावोजी दोन पावलं मागे सरले. ते त्यांना स्वतःलाही आवडलं नसावं, कारण लगेच पुढे येऊन ते ओरडले, "कोयता घेऊन अंगावर येतेस?"

"अंगावर कशाला येऊ?" बाईने कोयता हौदाच्या कठड्यावर आपटला. "हा ठेवून घ्या. जागा जाणार असेल तर मला काय करायचाय याचा? माझ्या आईची जागा आहे ती. पोरांची पोटं तिच्यावर भरली. आज सकाळी शेजारणीने तिची पाटी माझ्यापासून लांब सरकवली, मालक. बोलली काही नाही. नुसती सरकवली."

तिचे डोळे कोरडे होते. मावशींना भडभडून आलं. त्यांनी तिला हाताला धरून व्हरांड्यात बसवलं.

"मला एकच सांग. दाणे कसल्या माशांचे काढलेस?"

"भरल्या पोटाच्या. पोट चिरताना मी बघतेच ना. अंडी गच्च असली तरच डोकं बाजूला काढते. अंडी सोडून रिकामी झालेली मादी असली तर तिचा दाणा पोकळ, काही कामाचा नाही. माझ्या आईने पहिल्या दिवशी हेच शिकवलं."

ती अगदी बरोबर बोलत होती. अंडी द्यायची वेळ येईपर्यंत ती ग्रंथी हार्मोन साठवत राहते आणि एकदा सोडून दिलं की कोठार रिकामं. पण तिच्या बोलण्याला पुरावा कुठला? ती डोकी केव्हाच कचऱ्यात गेली होती.

मावशी कंपाउंडरच्या खोलीत गेल्या. तो टेबलावर डोकं ठेवून बसला होता.

"डोस चुकला का रे?"

"आईशपथ नाही! तोच तराजू, तीच सुई, तोच मी. दाणे आले की दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदलतो, म्हणजे चरबी आणि पाणी निघून जातं. ताजं अल्कोहोल स्टोअरमधून आणलं, ओतलं. काल दाणे काढले, टिपकागदावर सुकवले, खारट पाण्यात वाटले, निवळी टोचली. नेहमीसारखं."

"बाटली कुठाय?"

तो ओशाळला. "धुवायची राहिली. कालच्या गडबडीत..."

"जन्मभर आळशी राहा," मावशी खुशीत म्हणाल्या. बाटलीत बोटभर द्रव शिल्लक होता आणि तळाशी तीन दाणे विसरले होते. त्यांनी एक चिमट्याने उचलला, भिंगाखाली धरला, दाबून पाहिला, आणि त्यांची खुशी मावळली.

शुद्ध अल्कोहोलमध्ये राहिलेला दाणा वाळक्या डाळीसारखा टणक लागतो. हा फुगला होता. चिमट्यात लिबलिबत होता.

३

स्टोअरची किल्ली दोघांकडे असायची, राखणदाराकडे आणि सूनबाईकडे.

राखणदार फाटकाजवळच्या खुर्चीत बसला होता. मावशी जवळ गेल्या आणि पदर नाकाला लावला. सकाळी सकाळीच स्वारी टाकून बसली होती.

"मी फक्त गुत्त्यावरची घेतो, मावशी," न विचारताच तो बोलला. "त्या बाटल्यांना मी हात लावत नाही. कंपाउंडरने सांगितलंय, त्यात विष असतं, आंधळा होशील."

"मी बाटल्यांचं नावही काढलं नाही."

राखणदाराची पाचावर धारण बसली. त्याने नुसतीच मान हलवली आणि खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला, तोही जमला नाही.

स्टोअरमध्ये सूनबाई होती. लग्नाआधी ती मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स होती. नवरा बीज पोचवायला व्हॅन घेऊन गावोगाव फिरायचा आणि ती इथे. यंदापासून सासऱ्यांनी स्टोअर तिच्या ताब्यात दिलं होतं. मावशींचा तिच्यावर फार जीव. आपली बहीण असती तर या पोरीला डोक्यावर घेऊन नाचली असती, असं त्यांना नेहमी वाटायचं.

"बसा ना मावशी. तिथे नको, आत्ताच पुसलंय." स्टोअरच्या फरशीत तोंड दिसत होतं. फळीवर सुया, कापूस, सगळं इस्पितळासारखं मांडलेलं. अल्कोहोलच्या मोठ्या बाटल्या ओळीने उभ्या, काठोकाठ भरलेल्या.

"किती टापटीप ठेवलंयस ग!"

"कुणाला त्याचं काही नाही इथे. पूर्वी टोचल्यावर माशांना फोड यायचे, माहीत आहे? मी आल्यापासून एकालाही आला नाही." तिने अभिमानाने पाहिलं, मग आवाज खाली आणला. "मला त्या बाईची दया येते हो. पण कसल्या घाणीत बसून दाणे काढतात त्या! सडले असतील, दुसरं काय होणार?"

मावशी फळीकडे बघत राहिल्या. "यातल्या नव्या बाटल्या कधी आल्या?"

"नव्या नाही आल्या. हंगामाच्या सुरुवातीचंच आहे."

मावशींनी एक सीलबंद बाटली आणि एक उघडलेली उचलली. कोपऱ्यातला डिस्टिल्ड पाण्याचा कॅन पायाने हलवला. तो रिकामा होता. देवा, तसं नसू दे, असं त्या खरोखरच मनात म्हणाल्या. मग त्यांनी सूनबाईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाटल्या घेऊन बाहेर पडल्या.

४

"काय करणार म्हणालात, ताई?" भावोजींचा आपल्या कानांवर विश्वास बसेना.

"बाटलीतला द्रव टोचणार. ज्यात दाणे ठेवले होते तो."

"तो फेकायचा असतो! कंपाउंडर वर्षानुवर्षं फेकतोय तो!"

"म्हणूनच." मावशींनी खुर्ची ओढली. "नीट ऐका. तुमची मादी अंडी पोटात घेऊन बसते, पण तळ्यात सोडत नाही. का? अंडाशयाला स्वतःची अक्कल नसते. त्याला हुकूम लागतो आणि तो येतो पिट्युटरीकडून. पण पिट्युटरीही मनची राणी नाही. ती मेंदूच्या खालोखाल बसते आणि मेंदूने खूण केल्याशिवाय थेंब सोडत नाही. मेंदू बघतो, वाहतं पाणी आलंय का, नर आहेत का, पिल्लं जगतील का. तळ्यातल्या साचल्या पाण्यात त्याला काही पटत नाही, मग तो ब्रेक दाबून बसतो. कोठार भरलेलं, पण दार बंद. आपण काय करतो? तिच्या मेंदूला विचारतच नाही. दुसऱ्या माशाचं कोठार फोडतो आणि तो माल सरळ हिच्या रक्तात सोडतो."

"हे मला शिकवताय? माझं आयुष्य गेलं यात!"

"मग हेही सांगा, तो माल कशात विरघळतो?"

कंपाउंडर हळूच म्हणाला, "पाण्यात. म्हणून तर खारट पाण्यात वाटतो."

"आणि शुद्ध अल्कोहोलमध्ये?"

"नाही विरघळत. म्हणून तर त्यात ठेवतो."

"शाब्बास. आता त्या अल्कोहोलमध्ये कुणी आधीच पाणी घातलं असेल तर? दाणे फुगतील आणि आतला माल त्या पाण्यात उतरेल. मग तू चोथा टोचलास आणि औषध बाटलीत राहिलं. बाई खरी असेल तर माल या द्रवात असलाच पाहिजे. खोटी असेल तर यात काहीच नसणार. मादीला विचारू या, ती तर कुणाच्या बाजूने बोलणार नाही."

मावशींनी पसरट ताटलीत द्रव ओतून पंख्याखाली ठेवला. अल्कोहोल उडून गेलं. तळाला राहिलं ते खारट पाण्यात कालवलं. कालच्या माद्यांतल्या दोन, त्यातल्या त्यात धडधाकट, निवडल्या. एकीला हे टोचलं. दुसरीला, शेजारच्या हौदात, नुसतं खारट पाणी. उद्या कुणी म्हणायला नको की कालचाच डोस उशिरा लागू पडला.

दुपारी दुसऱ्यांदा टोचलं आणि दोन्ही हौदांत नर सोडले. मग करण्यासारखं काही उरलं नाही. डोकीवाली कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होती. कंपाउंडर नखं खात होता. सूनबाईने सगळ्यांना पाणी आणून दिलं आणि तीही थांबली. भावोजी येरझारा घालत होते आणि दर वेळी वळताना म्हणत होते, "काही होत नाही. बघा तुम्ही."

उन्हं कलली. मादी तळाशी तशीच होती. आपण चुकलो तर ही बाई उघड्यावर येणार, आणि बरोबर ठरलो तर? त्या विचाराने त्यांना जास्तच धडकी भरत होती.

फाटकाबाहेर गाडी थांबली. मुकादम उतरला, बगलेत कागद. "चला मालक, सही करून टाका. मला पुढे जायचंय."

भावोजींनी पेन उघडलं.

"मालक!" कंपाउंडरचा आवाज चिरकला. "मालक, पाणी बघा!"

५

नर तिच्या अंगाला घासत होते. पाणी उसळलं. तिने शेपूट आपटलं आणि पाहता पाहता हौदभर अंडी पसरली. शेजारच्या हौदातली मादी जागची हलली नव्हती.

डोकीवाली मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हमसाहमशी रडायला लागली. सकाळपासून कोंडून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. मुकादमाला काही कळेना. "म्हणजे बाईचा माल खरा?"

"शंभर नंबरी," मावशी म्हणाल्या.

भावोजी आधी अंड्यांकडे बघत राहिले, मग गर्रकन वळले आणि राखणदाराची कॉलर धरली. "तू! तू अल्कोहोल ढोसलंस आणि वर पाणी भरलंस! बेवड्या, माझं अन्न खाऊन..."

"सोडा त्याला," मावशी म्हणाल्या. "तो नव्हे."

"ताई, त्याच्या तोंडाला वास येतोय!"

"येतोय, पण गुत्त्याचा. त्याचं वेगळं बघू." मावशींनी दोन पेले मागवले. एकात सीलबंद बाटलीतलं अल्कोहोल ओतलं आणि त्यात विहिरीचं पाणी घातलं. पेल्यात दुधासारखा गढूळपणा पसरला. "आपलं पाणी क्षाराचं. चोरून पिणारा घाईत विहिरीचंच पाणी भरणार आणि बाटली अशी गढूळ होणार. आता स्टोअरमधली उघडलेली बाटली बघा." दुसरा पेला काचेसारखा नितळ होता. "यात डिस्टिल्ड पाणी आहे. चोरीच्या दारूला डिस्टिल्ड पाणी कोण घालतं? आणि चोरी झाली की माल घटतो. इथे नवी खरेदी नाही, तरी फळीवर बाटल्या काठोकाठ. माल वाढलाय, भावोजी. हे चोराचं काम नाही. हे कुणीतरी नीट, मापून, चांगल्यासाठी केलंय."

त्या थांबल्या. बहिणीचं घर, बहिणीची सून.

"अल्कोहोल दाणे टिकवायला असतं, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक," त्या सावकाश म्हणाल्या. "पण ज्याच्या हातात ते कायम जंतू मारायलाच आलं, त्याला..."

"सत्तर टक्के," सूनबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"शुद्ध अल्कोहोलपेक्षा सत्तर टक्क्यांचं जास्त जंतू मारतं. थिएटरमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. इथे सगळे शुद्धच वापरत होते, मला वाटलं कुणाला माहीतच नाही. मी उघडलेल्या सगळ्या बाटल्या तशा करून ठेवल्या. मोजून." तिने डोकीवालीकडे पाहिलं. "माशांचे फोड थांबले तेव्हा मला किती आनंद झाला होता. मी कुणाला विचारलं नाही, मावशी. एका शब्दाने विचारलं नाही. आणि वर त्या बाईच्या हातांना घाण म्हणाले."

ज्याने केलंय त्याला धक्के मारून काढीन, हे भावोजींचे शब्द प्रत्येकाला आठवत होते आणि भावोजींना सगळ्यात जास्त. त्यांनी घसा खाकरला. "हं. म्हणजे गैरसमज झाला. मुकादम, तुम्ही कागद फाडा. बाई, तुझी जागा राहिली. झालं ना? आता घरची गोष्ट घरात राहू दे."

डोकीवाली उठली. पदराने तोंड पुसलं. "जागा राहिली, पण माझ्या शेजारणीने पाटी सरकवलीय. ती कोण परत आणणार? चोर तुम्ही बाजारात म्हणालात. इथे व्हरांड्यात मिटवलं तर तिथे मी चोरच."

"मी येते," सूनबाई ताडकन म्हणाली. "मी सांगते सगळ्यांना की चूक माझी होती."

"तू घराबाहेर पाऊल टाकायचं नाहीस!" भावोजी ओरडले. "सगळ्या बाजारात माझ्या सुनेचं नाव? अब्रू आहे आपल्याला!"

"तिलाही आहे, बाबा."

हे ती हळू म्हणाली, पण भावोजींच्या ते वर्मी लागलं. त्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी नजर काढून घेतली नाही. बहिणीच्या नवऱ्याला त्यांनी आजवर पुष्कळदा सांभाळून घेतलं होतं. आज त्यांना तसं करावंसं वाटत नव्हतं.

"पाणी घातलं तिने," मावशी म्हणाल्या. "पण न तपासता चोर कोण म्हणालं?"

भावोजींनी कठड्यावरचा कोयता उचलून, मुठीकडून, डोकीवालीच्या हातात दिला आणि मुकादमाला सांगितलं, "उद्या सकाळी बाजारात येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार गच्च भरलेला असताना ते डोकीवालीच्या जागेसमोर उभे होते. मावशी आणि सूनबाई थोड्या मागे. सूनबाईने आपलं आधीच सांगून टाकलं होतं, रडत रडत, अल्कोहोलच्या टक्केवारीसकट, आणि बायका तोंडाला हात लावून ऐकत होत्या. आता भावोजींची पाळी होती. कपाळावरचा घाम पुसून, खाली मान घालून ते पुटपुटले, "या बाईचा माल खरा आहे. मी खोटं बोललो."

डोकीवाली पाटावर बसली होती. तिने हातातलं डोकं बाजूला ठेवलं.

"मागच्या ओळीपर्यंत पोचलं नाही, मालक," ती म्हणाली. "परत बोला."